पाणी मागणाऱ्या बॅटरीची बाजू

तंजावर जिल्ह्यातलं ओरत्तनाडु मराठी वाचकाला ठाऊक असलंच, तर सरफोजीराजांनी मुक्ताम्बाळच्या नावानं उभारलेल्या छत्रामुळे. मला ते आठवतं १६ नोव्हेंबर २०१८ मुळे. त्या पहाटे ‘गजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर चढलं. ओरत्तनाडु-पट्टुक्कोट्टै पट्ट्यातल्या नारळबागा आडव्या झाल्या आणि कावेरीच्या मुखाकडच्या जिल्ह्यांत विजेचे लाखाहून अधिक खांब पडले. गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. राखीव विजेसाठी कोणती बॅटरी घ्यावी, हा वाद अशा गावात बसून सोडवावा, वातानुकूलित दुकानात नव्हे.

दुकानातला पूर्वपक्ष असा: सीलबंद बॅटरी घ्या, पाणी घालायला नको, आम्लाचा वास नाही, दहा वर्षं बघायला नको.

पहिल्या दोन गोष्टी मान्य. सीलबंद सेलमध्ये आम्ल काचतंतूंच्या चटईत किंवा जेलमध्ये धरलेलं असतं. चार्जिंगच्या वेळी धन पट्टीवर निघणारा ऑक्सिजन ऋण पट्टीवर पुन्हा सामावला जातो, म्हणून पाणी फार घटत नाही. दहा वर्षांचं आश्वासन मात्र २०-२५ अंश तापमान धरून दिलेलं असतं. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण दर दहा अंशांच्या वाढीला निम्मं होतं. तंजावरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीचं काय तापमान असतं, हे त्या छापील आकड्याला कोण सांगणार?

यावर प्रतिपक्ष म्हणेल, उष्णता पाण्याच्या बॅटरीलाही सोडत नाही. बरोबर आहे. पण तिचं उडालेलं पाणी परत घालता येतं आणि हायड्रोमीटर बुडवला की कोणता सेल मागे पडतोय ते कळतं. सीलबंद सेल आतून सुकत जातो आणि बाहेरून नव्यासारखा दिसतो. त्याचं दुखणं कळतं ते वीज गेल्यावर.

‘ट्रकची बॅटरी स्वस्तात मिळते, तीच इन्व्हर्टरला लावू’ हा दुसरा युक्तिवाद तर टिकतच नाही. इंजिन सुरू करायला काही सेकंद प्रचंड प्रवाह लागतो, म्हणून तिच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ. रोज खोलवर रिकामी केली की त्यांच्यावरचा लेप झडून तळाशी साचतो. ट्यूब्युलर सेलमध्ये धन पट्टीचा लेप शिशाच्या काड्यांभोवती विणलेल्या नळ्यांत कोंडलेला असतो. तो सहजी झडत नाही. दीर्घकाळ आणि वारंवार वीज जाणाऱ्या गावाला हीच रचना हवी. शुद्ध शिशाच्या प्लांते पट्टीचे सेल वीस वर्षांहून अधिक टिकतात, पण ते महाग आणि अवजड. वीज उपकेंद्रातच शोभतात.

खरेदीतली खरी फसगत आकड्यात असते. १५० अँपिअर-तास हे वीस तासांच्या दरानं मोजलेले की दहा? वीसच्या दरानं साडेसात अँपिअर मिळतात. पंधरा अँपिअर खेचले, तर तीच बॅटरी दहा तास पुरत नाही.

पाण्याच्या बॅटरीला हवेशीर जागा लागते, हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. खिडकी नसलेल्या खोलीत सीलबंदच घ्यावी, पण उष्णतेनुसार व्होल्टेज उतरवणाऱ्या चार्जरसकट.