भाकिताचा आधार

सप्टेंबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे डॉ. डेव्हिड नाबारो यांनी बजावले की, पक्षिज्वरातून महामारी उद्भवल्यास ५० लाख ते १५ कोटी माणसे दगावतील. तशी महामारी आली नाही. म्हणून हे भाकीत बेजबाबदार ठरते काय?

न्यायालयात साक्षीदाराची पारख निकालावरून नव्हे, आधारावरून होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात कोटीहून अधिक बळी घेतले होते. २००६ साली पक्षिज्वर महाराष्ट्रातील नवापूरच्या कोंबड्यांत शिरला. तेव्हा सावध करणे हे कर्तव्यच होते. दोष आहे तो आकड्याचा. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने २० ते ७४ लाख हा अंदाज पुढे केला. ज्या अंदाजाच्या दोन टोकांत तीसपट अंतर, तो अंदाज नव्हे, अज्ञानाची कबुली होय. आणि ती कबुली स्पष्ट शब्दांत न देता मोठा आकडा उच्चारणे हाच प्रमाद.

आमच्या उज्जयिनीत २०२८ साली सिंहस्थ भरेल, क्षिप्रातीरी अफाट समुदाय लोटेल. त्या वेळी कोणी साथीची सूचना दिली, तर भाविकांनी तिला अपशकुन मानू नये. मात्र अवश्य विचारावे: आधार काय, आणि आम्ही करावे काय? ज्याला या प्रश्नांचे उत्तर देता येत नाही, त्याने भय वाटीत फिरू नये.