विकलेला दवाखाना आणि दिलेला शब्द

१/ ‘भारतात स्पर्धाबंदीचा करार शून्यच असतो’, हे विधान आता सुभाषितासारखे फिरते. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत कर्ज काढून दवाखाना विकत घेणारा तरुण डॉक्टर मोजतो.

२/ या समजुतीच्या समर्थनार्थ १४१४ चा इंग्लंडमधील खटला पुढे केला जातो. जॉन डायर या रंगाऱ्याने सहा महिने एका गावात धंदा न करण्याचे लिहून दिले होते. न्यायमूर्ती हल संतापले. फिर्यादी समोर असता तर त्याला तुरुंगात धाडले असते, असे त्यांनी सुनावले. निकाल गाजला, पण इतिहास तेथे थांबला नाही.

३/ १७११, मिचेल विरुद्ध रेनॉल्ड्स. लंडनच्या हॉबर्न भागातील बेकरीचा पाच वर्षांचा भाडेपट्टा हस्तांतरित झाला. देणाऱ्याने तेवढा काळ त्या पॅरिशमध्ये बेकरी न चालविण्याचे वचन दिले. मोडल्यास दंड ५० पौंड. मुख्य न्यायाधीश पार्कर यांनी ते वचन वैध ठरविले. बंदी जागेपुरती, मोबदल्यावर आधारलेली आणि वाजवी होती.

४/ १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ पेशा, व्यापार वा धंदा रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरविते. त्याच कलमात अपवादही आहे. धंद्याचे गुडविल विकणारा विशिष्ट स्थानिक मर्यादेत तसाच धंदा न करण्याचे मान्य करू शकतो. अट अशी की ग्राहकाचा धंदा तेथे चालू असावा आणि मर्यादा न्यायालयाला वाजवी वाटावी.

५/ १८७४ मध्ये कलकत्त्याच्या माधवचंद्र विरुद्ध राजकुमार खटल्यात वादीने प्रतिस्पर्ध्याच्या शब्दावर दुकान बंद केले आणि ठरलेली रक्कम मागितली. करार शून्य ठरला; शब्द पाळणाऱ्याच्या हाती काही आले नाही. तेथे गुडविलची विक्री नव्हती, केवळ स्पर्धक हटविण्याचा सौदा होता. हा निकाल दवाखान्याच्या विक्रीवर लादणे म्हणजे दोन भिन्न व्यवहारांना एकाच मापाने मोजणे होय.

६/ प्रतिपक्षाचा सबळ मुद्दा असा: मुख्य नियमात ‘पेशा’ आहे, अपवादात फक्त ‘धंदा’. मग डॉक्टर-वकिलांना अपवाद लागू कसा? उत्तर विक्रीतच आहे. ज्याने आपल्या पेशाची ख्याती रुपयांत मोजून घेतली, त्याने तिला स्वतःच धंद्याचे रूप दिले. किंमत घेताना धंदा आणि वचन पाळताना पेशा, ही सोय न्यायाची नव्हे.

७/ दवाखान्यात विकले जाते ते काय? खुर्च्या आणि कपाटे नव्हेत, तर रुग्णांचा विश्वास. तो जुन्या डॉक्टरच्या नावाशी जडलेला असतो. विक्रेत्याने समोरच्याच गल्लीत पाटी लावली, तर त्याने एकच वस्तू दोनदा विकली.

८/ रुग्णाच्या निवडीचे काय? बंधन विक्रेत्यावर असते, रुग्णावर नाही. आणि मर्यादा अवाजवी असेल तर न्यायालय ती नाकारू शकते. मात्र हाच युक्तिवाद पगारी सहायक डॉक्टरविरुद्ध वापरणे अप्रामाणिक आहे. त्याने ख्याती विकलेली नसते, तिची किंमतही घेतलेली नसते.

९/ म्हणून प्रश्न ‘बंदी आहे की नाही’ हा नाही. प्रश्न हा, की वचन देणाऱ्याने काय विकले आणि त्याचे काय घेतले. बेकरीच्या खटल्याने हा भेद १७११ मध्येच दाखविला. तो पुसून टाकणारे सुभाषित इतिहासाच्या नावाने खपविले जाऊ नये.