जुनी जीप ओढेल, पण आधी तिची वही मागा

पुनावळे, ताथवडे, मारुंजी या पट्ट्यात जमिनीचा पैसा हातात आला, की पहिले घर आणि दुसरी गाडी, हा क्रम गेली कित्येक वर्षे चुकलेला नाही. नवी गाडी आली, की जुनी सुमो किंवा बोलेरो गोठ्याच्या बाजूला उभी राहते. तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या, की घरातले कुणीतरी म्हणते, "द्या एकदाची घालवून." मग ती मिळेल त्या भावात जाते. घेणारा बहुधा मावळ, मुळशी किंवा खेडकडचा शेतकरी असतो. हे चार शब्द देणारा आणि घेणारा दोघांसाठी आहेत. पण जास्त घेणाऱ्यासाठी, कारण पैसे त्याचे अडकतात आणि घाट उतरतो तोही तोच.

नीट राखलेली जुनी जीप (शहरात आता तिला एसयूव्ही म्हणतात) वीस वर्षे सहज चालते आणि बोजाही ओढते. मात्र ती किती टिकेल हे राखणीवर ठरते आणि किती ओढेल हे ब्रेक, क्लच आणि चासीवर ठरते. बाजारात या दोन्ही गोष्टी कुणी विचारत नाही. मॉडेल कितवे, एवढे विचारायचे, उभ्या गाडीचा अॅक्सिलेटर दाबून आवाज ऐकायचा आणि विसार द्यायचा, अशी आपली रीत.

खरे तर या गाड्यांची पारख आपल्या भागाला असायला हवी. १९९४ साली टेल्कोने सुमो आणली. सुमंत मूळगावकरांच्या नावा-आडनावातली पहिली अक्षरे घेऊन तिचे नाव पडले. ट्रॅक्स आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. त्याच कंपनीला २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणतात. महिंद्रची बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी रस्त्यावर ती अजून दिसते. या सगळ्यांची जात एक. खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर वेगळी बॉडी, आणि ओढ मागच्या चाकांना. बॉडी गंजली, ठोकली तरी चासी शाबूत असेल तर गाडी पुन्हा उभी राहते. आजच्या कित्येक गाड्या दिसायला दांडग्या असतात, पण त्यांना वेगळी चासीच नसते आणि ओढ पुढच्या चाकांना असते. उंची आणि रुंद टायर पाहून फसू नका. खाली वाकून बघा.

आता ओढीचे बघू. २५२३ सीसी इंजिनाची जुनी कॉमन रेल बोलेरो घ्या. अश्वशक्ती अवघी ६३, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढी. पण टॉर्क १९५ न्यूटन-मीटर, आणि तोही इंजिन फारसे न पळवता मिळतो. ट्रॅक्टरवाल्याला हे समजवायला नको. चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जे ओढतो ते ऐंशीची मोटार ओढत नाही, कारण ताकद सावकाश फिरणाऱ्या इंजिनातून, खालच्या गियरमधून आणि गाडीच्या वजनातून जमिनीला लागते.

थोडा हिशेब करू. एक टन वजनाची ट्रॉली सपाट डांबरीवर ओढायला पंधरा-वीस किलोची ओढ पुरते. म्हणूनच सपाटीवर गाडी "काय मस्त ओढते" असे वाटते. तीच ट्रॉली दहाला एक अशा चढावर घेतली, की आणखी शंभर किलोची ओढ लागते, म्हणजे एकूण सपाटीच्या सहा-सातपट काम. पावसाळ्यात पवनेच्या काठच्या काळ्या चिखलात काय होते ते सांगायला नको. तिथे इंजिनात दम असूनही चाक जागेवर फिरते. आणि उतार! पावणेदोन टनांच्या जीपला स्वतःपुरते ब्रेक दिलेले असतात. मागे बिनब्रेकची एक टनाची ट्रॉली जोडली, की त्याच ब्रेकना पावणेतीन टन थांबवायचे असतात. ताम्हिणी किंवा बोरघाट उतरताना ब्रेक तापतात, पॅडल मऊ पडते आणि मग देव आठवतो. चढताना गाडी अडली तर फार तर क्लच जळेल. उतरताना अडली नाही तर काय होईल, याचा विचार हूक लावण्याआधी करा. उतारावर पायाच्या ब्रेकवर बसून राहू नका. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा.

कंपनीच्या पुस्तिकेत ट्रेलरचे वजन दिले असेल तर तोच शेवटचा शब्द. दिले नसेल तर बिनब्रेकची ट्रॉली, आतल्या मालासकट, गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यावर नेऊ नये, असे माझे मत. फवारणीचा पंप, जनरेटर, पाण्याची छोटी टाकी इथवर ठीक. ट्रॅक्टरची ट्रॉली जीपला जोडू नका, मग ती रिकामी का असेना. हूक बंपरला लावलेला असेल तर तो शोभेचा समजा. तो चासीच्या आडव्या पट्टीला बोल्टने कसलेला हवा. माल भरताना वजन ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला थोडे जास्त ठेवा. मागे जड झालेली ट्रॉली वेगात शेपटी हलवू लागते आणि जीपचे मागचे चाक उचलू पाहते.

कायद्याचेही बघा. मोटारीमागे नोंदणी केलेला ट्रेलर नाही तर बंद पडलेली गाडी, एवढेच ओढता येते. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेल्या बिननंबरच्या ट्रॉलीला रस्त्यावर परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. बंद गाडी ओढताना दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरच्या आत ठेवायचे, वेग ताशी पंचवीसच्या खाली ठेवायचा आणि मागच्या गाडीच्या स्टेअरिंगवर लायसन्सवाला माणूस बसवायचा. आपल्याकडे तिथे शाळकरी पोरगा बसवतात!

टिकण्याचे गणित याहून सोपे आहे, पण कंटाळवाणे आहे, म्हणून ते कुणी करत नाही. वेळेवर ऑइल आणि फिल्टर. शेतरस्त्याच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर भरतो; तो तसाच ठेवला, की धूळ आत जाऊन रिंग-पिस्टन घासते. डिझेल फिल्टरमधले पाणी काढणे. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी न ओतता कूलंट घालणे; क्षाराने जाळी बुजते, गाडी तापते आणि हेड गॅसकेट उडते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या शॅकल, जिथे निपल असेल तिथे ग्रीस. गियरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल तर बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून पाहिलेलेही नसते, आणि ओढकाम करणाऱ्या गाडीत सर्वात आधी तेच भाजते. युरियाची पोती नेली असतील तर त्याच दिवशी तळ धुवा. खत लोखंड खाते, आणि ते चासीच्या आतल्या अंगाने खाते, दिसत नाही.

सरकारी जीपला लॉगबुक असते. तुमच्या गाडीला का नसावे? दोनशे पानी वही घ्या. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे, एवढेच लिहा. विकायच्या दिवशी ती वही आरशासारख्या पॉलिशपेक्षा जास्त भाव देईल. आणि घेणाऱ्याने हीच वही मागावी. वही नसेल तर गॅरेजची बिले मागावीत. तीही नसतील तर भाव पाडावा किंवा घरी जावे.

घेताना गाडी सकाळी, थंड असताना बघा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून कळते. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढा; धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर रिंग गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. चासीवरचे वेल्डिंगचे डाग शोधा, विशेषतः पाटे जिथे टेकतात तिथे. गाडी वडापात फिरलेली असेल तर पाटे वाढवलेले आणि दरवाजे सैल असतात. कोकणातल्या गाडीची चासी दोनदा बघा. चासीवरचा नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. सातबारावर जसा बोजा असतो तसा आरसीवरही बँकेचा असतो. तो उतरल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि गाडी नावावर करून घ्या, पुढच्या दिवाळीला करू म्हणू नका. विकणाऱ्याचाही त्यात जीव अडकलेला असतो, कारण नोंद बदलेपर्यंत अपघाताची नोटीस त्याच्याच दारात येते.

दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालत नाही, असे पारावर ऐकू येते. तो नियम दिल्ली परिसराचा, आपला नव्हे. तिकडच्या स्वस्त गाड्या मात्र इकडे येतात. त्या घेताना तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथे भरायचा कर धरूनच भाव करा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींसाठी नियम वेगळा आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी चालू राहत नाही. यात पंचायतींच्या गाड्याही आल्या. त्या मोडीतच जातात. पूर्वी अशा जीपचा लिलाव व्हायचा आणि त्या शेतकऱ्याकडे आणखी दहा वर्षे चालायच्या. धूर ओकणारी गाडी जावी, यात वाद नाही. पण पाच वर्षांत वाट लावलेली गाडी रस्त्यावर आणि पंधरा वर्षे जपलेली भंगारात, हा न्याय मला पटत नाही. तपासणी कडक करा, सर्वांची करा, आणि जी उतरेल ती राहू द्या. नियम आहे तोवर मात्र पंचायतीची जीप पंधराव्या वर्षी जाणार हे धरून तिच्या शेवटच्या वर्षात नवे इंजिन बसवण्याचा ठराव करू नका.

खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर दर महिन्याला पाचशे रुपये दंड चढतो. तेव्हा आरसीवरची तारीख आजच बघून ठेवा, आणि गाडी तपासणीला नेण्याआधी ब्रेक, दिवे आणि धूर आपल्या गॅरेजवाल्याकडून तपासून घ्या.