वाटेवरचं वारजं

शेपूची जुडी मी उचलली की आजी ती परत घेतात, पिवळी पानं खुडतात आणि मगच पिशवीत टाकतात. पुण्यातल्या वारजे माळवाडीच्या बसथांब्याजवळ पोतं अंथरून त्या रोज संध्याकाळी बसतात. परवा सहज विचारलं, "आजी, घरच्या शेतातली का?" त्यांनी समोरच्या सात मजली इमारतीकडे बोट केलं. "शेत तिथं होतं. ही मार्केट यार्डातनं आणते, बाळा."

बसच्या पाटीवर 'वारजे माळवाडी' रोज वाचून आपल्याला त्यातला माळ दिसेनासा झाला आहे. गावठाण खाली, मुठा नदीच्या अंगाला. वर उघडा, खडकाळ माळ. पुढचा गणपती माथाही चढाचीच आठवण देतो. आजी अजून 'गावात जाते' म्हणतात तेव्हा त्यांना पुणं नव्हे, गावठाण म्हणायचं असतं.

या गावाच्या नशिबी कायम दुसऱ्याची वाट होणं आलं. खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकात झालं आणि त्याचा डावा कालवा या काठाने पुण्याकडे पाणी नेऊ लागला. कर्वेनगर-एरंडवण्यात लोक आजही 'कॅनॉल रोड' म्हणतात तो त्याच्यामुळे. १९५५च्या जानेवारीत खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं, उद्घाटन झालं, आणि गावातून जाणारा रस्ता कायमचा एनडीए रोड झाला. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. शहरात शिरण्याआधी तो लोंढा या काठावरूनच गेला. पुढे मुंबई-बंगळूर महामार्गाचा बायपास आला आणि त्याने वारजं मधोमध चिरलं. पलीकडची शाळा, अलीकडचं घर, मध्ये हायवे. सर्व्हिस रोडवर संध्याकाळी सातला म्हातारं माणूस हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडू शकत नाही, हे मला अजून सहन होत नाही. इतकी माणसं राहतात तिथे पायी चालणाऱ्याचा विचार सगळ्यांत शेवटी का व्हावा?

१९९७ साली वारजे महापालिकेत आलं. लगतचं शिवणे मात्र २०१७पर्यंत बाहेर राहिलं. म्हणजे एकाच रस्त्यावर वीस वर्षं अलीकडे महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत. त्याच काळात कोथरूड परवडेना म्हणून माणसं इकडे सरकली. आम्हीही तसेच आलो. साताऱ्याचे, सोलापूरचे, मराठवाड्यातले, कोकणातले. कुणी पहिलं घर घेतलं, कुणी पागडी-भाड्यातून सुटलं. रामनगर, पॉप्युलर नगर, अतुलनगर ही नावं पत्त्यात रुळली. बिल्डरांच्या जाहिरातीत या भागाला शहराचा टोकाचा भाग म्हणत. आम्हाला ते टोक कधी वाटलं नाही. दाराशी बस होती, रात्री अकराला दूध मिळत होतं आणि शेजारच्या काकू किल्ली ठेवून घेत होत्या.

गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी पेपरात येते, तेव्हा यादीत 'वारजे जलकेंद्र परिसर' हमखास असतो. इथे शुद्ध झालेलं पाणी वारज्याबाहेरही दूरवर जातं. पाणी, रस्ता, सगळं वारज्यातून पुढे जातं.

स्वतःसाठी राहिलं ते फक्त हायवेलगतचं स्मृतिवन. वनखात्याची ती सोळा-सतरा हेक्टरची टेकडी ओसाड होती. २०१५पासून लोकांनी आणि संस्थांनी वनखात्याबरोबर तिथे रोपं लावली, जगवली. ५ जून २०२०ला, पर्यावरण दिनी, केंद्र सरकारने देशात दोनशे नगरवनं उभारायची योजना जाहीर केली, तेव्हा उदाहरण म्हणून याच वनाचं नाव घेतलं गेलं. पहाटे तिथे गेलं की खाली ट्रकचा आवाज आणि वर पाखरांचा, दोन्ही एकदम कानी येतात. मला तो माळ परत मिळाल्यासारखा वाटतो, फक्त आता झाडांसकट.

म्हणून वारजेकरांना हात जोडून सांगणं आहे. उद्या कुणी या टेकडीवरून एखादा रस्ता, एखादा पूल, कुणाचीही सोय आखली, तर हरकतींची मुदत संपायची वाट बघू नका. पहिल्याच दिवशी अर्ज द्या. माझा अर्ज तयार असेल.