बाप्तिस्म्यानंतरचे दिवस

महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहासावर समाजमाध्यमांत वाद पेटला की फिरून फिरून दोनच तारखा पुढे येतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी घेतला. एक पक्ष त्याला विश्वासघात म्हणतो, दुसरा स्वातंत्र्य म्हणतो, आणि दोघेही त्या एका दिवसापाशीच मुक्काम ठोकून बसतात.

या धाग्यात त्या दिवसाच्या पुढे जायचे आहे. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई ३८ वर्षे जगल्या, टिळक २४ वर्षे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्यांना पुढे ३६ वर्षे लाभली. या वर्षांत ही माणसे पहाटे उठून काय करत होती, पैसा कसा खर्चत होती, घरातले माणूस गेले की दुसऱ्या दिवशी कामाला कशी लागत होती, हे आपण क्वचितच विचारतो. माझ्या मते खरा ऐतिहासिक प्रश्न हा आहे. धर्म स्वीकारायला एक दिवस पुरतो, पाळायला आयुष्य लागते. आणि इतिहासकाराला पाळलेल्या धर्मात जितके हाती लागते तितके स्वीकारलेल्या धर्मात लागत नाही. (नव्या वाचकांसाठी: हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. दरवेळी कोणीतरी प्रतिसादात हा घोळ घालतेच.)

आधी मृत्यूविषयी. रमाबाईंचा जन्म एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत, कुटुंबासह तीर्थोतीर्थी भटकत. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या वर्षांत वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीण गेली. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये बंगालात वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीने दगावले. वयाची चोविशी गाठण्यापूर्वी या बाईंच्या मागे उरली ती एक तान्ही मुलगी, मनोरमा.

‘मरणाचे भान’ हे शब्द आपण फार तत्त्वज्ञानाच्या सुरात वापरतो. रमाबाईंना ते भान ग्रंथातून आलेले नव्हते. म्हणूनच पुढे त्यांच्या शिस्तीत वैराग्याचा देखावा दिसत नाही, घाई दिसते. हाती वेळ थोडा आहे हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाची घाई.

आणि ही शिस्त आज्ञाधारकपणाची तर मुळीच नव्हती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचनीय आहे. रमाबाई इंग्लंडातही शाकाहारी राहिल्या. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालायला त्यांनी नकार दिला. जी भाषा मला येत नाही आणि माझ्या देशबांधवांना कळत नाही, तिच्यातील अक्षरे मी का मिरवू, असा त्यांचा युक्तिवाद होता. ख्रिस्ताला मानणे वेगळे आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रत्येक शब्द मानणे वेगळे, हा भेद त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. ते सरकारला इतके झोंबले की गव्हर्नर सँडहर्स्ट यांना त्याचा प्रतिवाद करावा लागला. ‘ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या’ हे समीकरण मांडणाऱ्यांनी हे पत्र अवश्य पाहावे.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून आणलेल्या मुली आणि स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात आल्या. ऐन भरात तेथे सुमारे २,००० जणी होत्या. दोन हजार माणसांना रोज जेवू घालणे, त्यांतल्या कित्येक भुकेने खंगलेल्या, आजारी, हादरलेल्या. हे केवळ भावनेवर चालत नाही. तेथे वेळापत्रक होते: प्रार्थना, शाळा, शेती, विणकाम, छापखाना. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवण्याची व्यवस्था पाहत होती. भक्ती आणि हिशेबाची वही तेथे एकाच टेबलावर होती.

त्या छापखान्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. रमाबाईंना साध्या बायकांना कळेल असे मराठी पवित्र शास्त्र हवे होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून भाषांतराला बसल्या. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे सदनातील स्त्रिया करत. कित्येक वर्षे हे चालले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, अवघ्या चाळिशीत. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा तीच आधी गेली. त्यानंतर रमाबाईंनी उरलेले महिने भाषांतराच्या कामाला वाहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये.

आता आपल्या भागाकडे येतो. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. रमाबाईंच्या मृत्यूनंतर जेमतेम ३३ वर्षांनी. (प्लेगावर पेनिसिलिन चालत नाही, हे वैद्यकाचे विद्यार्थी सांगतीलच, त्यावर स्ट्रेप्टोमायसीन लागते. पण तेही पुढे याच कारखान्यात बनू लागले.) एका साध्या जखमेने, एका तापाने घरातले माणूस जाते, हा अनुभव त्या कारखान्याच्या आधीच्या पिढ्यांचा नित्याचा होता. आपण त्या पलीकडच्या तीरावर जन्मलो. म्हणून जुन्या पत्रांतले आणि आत्मचरित्रांतले मरणाचे सततचे उल्लेख आपल्याला अतिरेकी वाटतात. ते अतिरेकी नव्हते, ते त्या काळचे वर्तमान होते.

टिळकांचे घर मात्र केडगावहून अगदी निराळे. येथे घंटा नाही, वेळापत्रक तर नाहीच. टिळक भावनाप्रधान, शीघ्रकोपी, हातात पैसा आला की वाटून मोकळे होणारे. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्याहून महत्त्वाचे वाटते ते १९१७. २२ वर्षे ज्या मिशनच्या छत्राखाली काढली ते सोडून, वेतन सोडून, त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. पाश्चात्त्य साच्याबाहेरचे, या मातीतले ख्रिस्ती जीवन त्यांना हवे होते. हाती दोनच वर्षे उरली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

पण संन्याशाच्या घरात पीठ कोठून येते, हा प्रश्न इतिहासाने विचारायचा नाही का? त्याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, तेही हसतखेळत दिलेले. त्यांचे माहेर विलक्षण कडक सोवळ्याचे. म्हणजे शिस्त त्यांना बालपणापासून ठाऊक होती. पण ती स्पर्श टाळण्याची शिस्त होती. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, मग परतल्या, परतल्यावरही आपला स्वयंपाक निराळा ठेवला. जात देवाने केली की माणसाने, असे स्वतःलाच विचारून त्यांनी शिवाशीव सोडली ती बाप्तिस्म्याच्या आधी. नंतर त्याच घरात परक्यांची मुले वाढली, आजाऱ्यांची सेवा झाली. स्पर्श टाळण्याची शिस्त स्पर्श करण्याच्या शिस्तीत कशी पालटली, याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज मराठीत दुसरा मला ठाऊक नाही. टिळकांनी आरंभून सोडलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे बहुतांश अध्यायही त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनीच रचले. जिला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिने!

स्पष्टच सांगतो: टिळकांच्या घरातील श्रद्धेची झळाळी टिळकांची आणि तिचे सातत्य लक्ष्मीबाईंचे. ख्रिस्ती इतिहासलेखनानेही ही वाटणी पुरेशी मान्य केलेली नाही.

टिळक आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे सांगत. देहू आपल्या पट्ट्याच्या कुशीतच आहे. एका अंगाला तळवड्याच्या कंपन्या, दुसरीकडे चाकण. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, दुकान बुडाले. रमाबाईंची कहाणी याच्या शेजारी ठेवून पाहा. दोन शतकांहून अधिक अंतर, धर्म वेगळे, परिस्थिती वेगळी. तरी दोघांच्याही भक्तीच्या मुळाशी दुष्काळात गेलेली घरची माणसे आहेत. तुळशीची माळ, एकादशी, वारी हे वारकऱ्याचे नेम आणि रोजची प्रार्थना, रविवारची उपासना हे ख्रिस्ती माणसाचे नेम यांच्यात टिळकांना सोयरीक दिसली. त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’मधून आजही मराठी चर्चांत गायली जातात.

येथे आक्षेप येणारच: दुष्काळात अन्नासाठी झालेली धर्मांतरे खरी कशी? प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केडगावला आलेल्या उपाशी पोरीला निवडीचे स्वातंत्र्य किती होते? फारच थोडे, असे मला वाटते. तिच्यासाठी वेळापत्रक, प्रार्थना, देव, सगळेच दुसऱ्याने ठरवलेले होते. पण मग तीच कसोटी सर्वांना लावा. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील ज्या महार-मांग कुटुंबांनी त्या काळात मिशनची वाट धरली, त्यांना आधीच्या व्यवस्थेत कोणती निवड होती? आणि अन्नासाठीच आले होते असे धरले, तर सुगी आल्यावर ते परत का गेले नाहीत? तीन-चार पिढ्या रविवार पाळणाऱ्या कुटुंबाला पणजोबांच्या भाकरीचा हिशेब विचारत राहणे, याला मी इतिहास म्हणत नाही.

त्या कुटुंबांची नातवंडे आज आपल्या शेजारी आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत पिंपरी-आकुर्डीत कारखाने उभे राहिले तशी नगर, मराठवाड्याकडची माणसे येथे कामाला आली. त्यांत मराठी ख्रिस्तीही होते. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे येथे वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याचा अर्थ असा की ख्रिस्ती कामगाराचा रविवार हा भोंग्याचा वार. रात्रपाळी संपवून आंघोळ करून उपासनेला जाणे, किंवा सकाळची पाळी असेल तर संध्याकाळची उपासना गाठणे, ओव्हरटाइम नाकारून नाताळच्या आदल्या रात्री घरी असणे, ही या शहरातील धर्मपालनाची रीत. कॅथलिक कुटुंबे भस्म बुधवारी कपाळाला राख लावून घेतात, मातीतून आलेल्या देहाची आठवण म्हणून, आणि २ नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या कबरींवर फुले आणि मेणबत्त्या घेऊन जातात. यावर कोणी प्रबंध लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यावर मात्र ग्रंथांची रांग आहे.

म्हणून एक विनंती. अनेक मराठी ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर कुटुंबातील जन्म, बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू लिहून ठेवण्याची चाल आहे. चर्चच्या नोंदवह्यांत दफनाच्या नोंदी असतात. जुनी चाळ सोडून नव्या फ्लॅटमध्ये जाताना हे जीर्ण ग्रंथ बहुधा पोत्यात जातात, कधी रद्दीत. निगडी, चिंचवड, भोसरी, देहूरोड, चाकण, जेथे असाल तेथे अशा घरातील आजी-आजोबांची परवानगी घेऊन ती पाने पाहा. कोण कोठून आले, कोणत्या साली, कोण लहानपणीच गेले, हे सारे त्या पानांवर त्यांच्याच हस्ताक्षरात असेल. त्यांची संमती असेल तरच छायाचित्र घ्या, नावे झाका, आणि मला कळवा.