बटण लावण्याचा तास आणि अठरावे वर्ष

१ जानेवारी १९७७ रोजी नाशिकमध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू झाले. संस्थापक रजनीताई लिमये या स्वतः बौद्धिक अक्षम मुलाच्या आई. आपल्या मुलासारख्या इतर मुलांसाठी त्यांनी शाळा काढली, तेव्हा अशा मुलांची दखल घेणारा देशातला कायदा होता १९१२ चा, इंग्रजांनी केलेला ‘लुनसी अ‍ॅक्ट’. मनोरुग्ण आणि मतिमंद यांना त्याने एकाच व्याख्येत कोंबले होते. त्यात वेड्यांच्या इस्पितळाची तरतूद होती, शाळेची नव्हती. ही गल्लत दुरुस्त करणारा मानसिक आरोग्य कायदा संमत झाला १९८७ साली. म्हणजे नाशिकची एक आई संसदेच्या दहा वर्षे पुढे होती.

महाराष्ट्रात हे बहुतेक वेळा असेच घडले. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ मध्ये आणि दादरला अंधांची शाळा १९०० मध्ये निघाली. बौद्धिक अक्षम मुलांची पाळी यायला मात्र १९४४ उजाडावे लागले. त्या साली वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या लेकीसाठी मुंबईत जी शाळा काढली, तीच आजची जय वकील. १९६४ मध्ये पुण्यात ‘कामायनी’ उभी राहिली. सरकारी अनुदान आणि नियमावल्या मागाहून आल्या.

या शाळांत नेमके शिकवतात काय? नातेवाईक हमखास विचारतात, “कितवीत आहे?” या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. शर्टाचे बटण घ्या. आपण ते न बघता लावतो. विशेष शिक्षिका त्याच कामाचे तुकडे पाडते: काज शोधणे, बटणाची कड चिमटीत धरणे, ती काजात सरकवणे, पलीकडून पकडणे, ओढणे. सुरुवातीला सगळे ती स्वतः करते आणि शेवटची ओढ तेवढी मुलासाठी ठेवते. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘लागलं!’ हा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते जमले की त्याच्या आधीची पायरी, मग त्याच्याही आधीची. यात महिने जातात, कधी वर्षही जाते. दात घासणे, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता, दहाची नोट देऊन उरलेले पैसे मोजून घेणे, बसवरचा नंबर ओळखणे, अनोळखी माणसाला ‘नको’ म्हणणे, हे सगळे याच पद्धतीने शिकवले जाते. गणिताच्या तासाइतकाच, किंबहुना त्याहून अवघड असा हा तास आहे आणि तो घेणारीचा मोबदलाही त्याच तोलाचा असला पाहिजे.

याला कोणी कमी प्रतीचे शिक्षण म्हणत असेल, तर त्याने बालवाडीचा इतिहास वाचावा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये इतार आणि सेगँ यांनी अशाच मुलांसाठी हात, डोळे, कान घडवणाऱ्या पद्धती शोधल्या. मारिया माँटेसरींनी रोममध्ये त्या आधी बौद्धिक अक्षम मुलांसाठी वापरल्या आणि १९०७ नंतर इतर मुलांसाठी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरींचा विचार आपल्याकडे रुजवला. आज बालवाडीतली धडधाकट मुले बटणांच्या चौकटीवर बोटे फिरवतात, त्या शिक्षणामागे या मुलांचे ऋण आहे. ते आपण कधी मोकळेपणाने मान्य केलेले नाही.

कायदे पुढे बरेच आले: १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र अठराव्या वर्षापाशी थांबतो. जे मूल बाराव्या वर्षी बटण लावायला शिकले, त्याला अठराव्या वर्षी कामाची सवय लागत असते आणि नेमकी तेव्हाच शाळा सुटते. घरी बसलेल्या मुलाचे कमावलेले कौशल्य वापराविना गळून जाते. आईवडील साठीकडे झुकलेले असतात आणि ‘आमच्यामागे याचं कसं?’ हा प्रश्न रोज रात्री त्यांच्या उशाशी असतो. नाशिकने यावर आपल्या परीने काम केले आहे. प्रबोधिनीने शाळेला कार्यशाळेची जोड दिली. ‘घरकुल’ने बौद्धिक अक्षम मुली-महिलांना निवासाचा आसरा दिला. पण दोन-चार संस्थांच्या खांद्यावर अख्ख्या जिल्ह्याचा भार टाकणे अन्यायाचे आहे.

हा भार वाटून घेण्याची संधीही समोर आहे. नाशिकमध्ये २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल यांच्या निविदा निघत आहेत. महापालिकेने आणि मेळा प्रशासनाने कापडी पिशव्या, पणत्या, फायली यांच्या खरेदीतला ठरावीक वाटा या मुलांच्या कार्यशाळांसाठी राखून ठेवावा आणि तसा ठराव आताच करावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी मोजणी, जुळणी, पॅकिंगची कामे वर्षभर द्यावीत. राष्ट्रीय न्यासाची स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. अठरा ओलांडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद तिने ठेवावी आणि शाळा सुटल्यानंतर त्याचा दिवस कुठे जातो, हे दरवर्षी नाशिककरांसमोर मांडावे.