लॉट वाढवला, भरपाईचे काय?



अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब पाहतो. पगार होऊन आठवडा उलटत नाही तोच काही पोरं उचल मागायला येतात. पूर्वी कारण लग्नाचे नाहीतर दवाखान्याचे असे. आता शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या एक्स्पायरीचेही असते.

सेबीच्याच अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. त्याच अहवालात असेही आहे की 2023-24 मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यातला 97 टक्के वाटा अल्गोचा, म्हणजे संगणकाने आपोआप होणाऱ्या सौद्यांचा होता. मागावर उभा राहून मोबाइलवर भाव बघणाऱ्याची गाठ कोणाशी आहे ते यावरून कळावे.

उपाय म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये सेबीने कॉन्ट्रॅक्टचे किमान मूल्य 15 लाखांवर नेले. प्रत्येक एक्सचेंजला एकच साप्ताहिक एक्स्पायरी ठेवली, ते चांगलेच झाले. पण लॉटचे गणित पाहा. त्यामुळे निफ्टीचा लॉट, म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टमधल्या युनिट्सची संख्या, तेव्हा 25 वरून 75 झाला. 20 रुपयांचा कॉल 500 रुपयांत मिळायचा, त्याला 1,500 लागू लागले. पोराने ट्रेडिंग सोडले नाही, लांबचा स्ट्राइक धरला. सात रुपयांचा कॉल, म्हणजे 525 रुपये, आणि पैसे बुडण्याची शक्यता आणखी जास्त. याला संरक्षण म्हणायचे का?

आता दुसरी बाजू. 3 जुलै 2025 च्या अंतरिम आदेशात सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग समूहाचे 4,843 कोटी रुपये रोखले. 17 जानेवारी 2024 रोजी समूहाने सकाळी बँकांचे शेअर व फ्युचर्स घेऊन बँक निफ्टी वर धरला, दुपारी तेच विकले आणि मोठी कमाई ऑप्शन्समधून केली, असा सेबीचा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला असून प्रकरण अपिलात गेले. आरोप टिकला तर हे पैसे कोणाचे?

‘जुगार खेळलात, आता भोगा’ असे आमच्या ऑफिसातही म्हणतात. पण अड्ड्यावरचे पत्ते खुणेचे निघाले तर हरलेल्यालाही पैसे परत मागता येतात. शिवाय पायंडा आहे. 2003 ते 2005 मधल्या आयपीओ घोटाळ्यात बनावट डीमॅट खात्यांनी छोट्या अर्जदारांचे शेअर लाटले होते. न्या. वाधवा समितीच्या शिफारशींनंतर सेबीने 2010 मध्ये वसूल रकमेतून अशा लाखो अर्जदारांना भरपाई दिली. आज प्रत्येक सौदा पॅनला जोडलेला आहे. 17 जानेवारीला चढ्या भावाने बँक निफ्टीचे कॉल कोणी घेतले हे एक्सचेंजच्या नोंदीत सापडेल. दोष सिद्ध झाल्यास जेन स्ट्रीटची रोखलेली रक्कम गुंतवणूकदार शिक्षण निधीत जमा करून सेबीने हात झटकू नयेत. आधी नुकसान झालेल्यांच्या खात्यात ती जावी, आणि तशी तरतूद अंतिम आदेशातच असावी.

— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर